जोडीतला एक बसल्यावर : मोहिमेवरच्या विमानाचं इंजिन आणि शंभर वर्षांची चर्चा

परळीत ‘सेट ट्रिप झाला’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. औष्णिक केंद्राच्या चिमण्या पाहत मोठ्या झालेल्या इथल्या पोरालाही ठाऊक असतं की एक संच बंद पडला म्हणजे सगळं केंद्र बंद पडत नाही. कंट्रोल रूममध्ये धावपळ होते, कोणता संच गेला आणि कशानं गेला हे पाहिलं जातं, उरलेल्यांवर काम रेटलं जातं. युद्धात मोहिमेवर निघालेल्या बॉम्बफेकी विमानाचं एक इंजिन बंद पडतं तेव्हा प्रसंग याच जातीचा असतो. फरक एवढाच की तिथं माणसं यंत्राच्या आत बसलेली असतात, खाली शत्रूचा मुलूख असतो आणि विचार करायला काही सेकंद मिळतात.

त्या सेकंदांत विमानातल्या माणसांनी काय करावं, यावर पहिल्या महायुद्धापासून आजवर चर्चा चालू आहे. तिच्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. विमानाला इंजिनं किती असावीत? बिघाडाचा सराव किती खरा असावा? आणि परत फिरायचं की पुढे जायचं, हे कुणी ठरवावं? या तिन्ही प्रश्नांवर आज काय स्थिती आहे, त्याचा हा आढावा.

निजामाच्या नावाची विमानं

या विषयाचा एक धागा थेट आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. परळी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. इथल्या जमिनीचा शेतसारा ज्या राज्याच्या तिजोरीत जमा व्हायचा, त्या राज्याच्या प्रमुखानं, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना बॉम्बफेकी विमानं भेट दिली. ‘डीएच ९ए’ जातीच्या या विमानांवर निजामांचं नाव रंगवलेलं होतं. ती ज्या ११० व्या स्क्वाड्रनला मिळाली, तिला पुढे ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणू लागले.

हे विमान इंजिनाच्या दुखण्यातूनच जन्माला आलं होतं. त्याच्या आधीच्या ‘डीएच ९’ला प्यूमा नावाचं इंजिन बसवलेलं होतं. त्यातून ठरलेली ताकद कधी मिळाली नाही आणि ते वरचेवर बिघडायचं. पश्चिम आघाडीवर हे विमान वापरणाऱ्या ९९ आणि १०४ या दोन स्क्वाड्रननी १९१८ च्या मे ते नोव्हेंबर या काळात ५४ विमानं शत्रूच्या हातून गमावली आणि ९४ अपघातात. म्हणजे शत्रूपेक्षा अपघातांनी जास्त विमानं नेली. त्यावर तोड म्हणून ‘९ए’मध्ये ४०० अश्वशक्तीचं अमेरिकी लिबर्टी इंजिन आलं.

हैदराबाद स्क्वाड्रन ३१ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समध्ये पोचली. युद्ध संपेपर्यंतच्या जेमतेम अडीच महिन्यांत तिची १७ विमानं शत्रूच्या कारवाईत गेली आणि २८ अपघातात मोडली. इंजिन सुधारलं, तरी अपघातांचं पारडं जडच राहिलं. प्रत्येक विमानात माणसं दोन, एक पायलट आणि एक निरीक्षक, आणि इंजिन एकच. ते थांबलं की बॉम्ब टाकून द्यायचे आणि खाली सपाट जागा शोधायची; ती बहुतेक वेळा शत्रूच्या हद्दीत असे. यातलं एक विमान, क्रमांक एफ १०१०, ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं. अनेक वर्षं युरोपात फिरून ते आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

याच स्क्वाड्रनचा पुढचा प्रवास पाहिला तर सगळी चर्चाच तिच्या अंगावरून गेलेली दिसते. १९३७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा एका इंजिनाची विमानं, नंतर दोन इंजिनांची ब्लेनहेम. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा पहिला बॉम्बहल्ला ४ सप्टेंबर १९३९ ला जर्मन आरमारावर झाला, त्यात तिचा वाटा होता. १९४२ मध्ये ती भारतात आली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स विमानं उडवू लागली. पुन्हा इंजिन एक, आणि खाली मैलोगणती जंगल. शेवटी दोन इंजिनांचं मॉस्किटो. एक, दोन, एक, दोन. हे ठरवणाऱ्यांकडे पक्कं उत्तर असतं, तर अशी ये-जा झाली नसती.

एक इंजिन गेलं म्हणजे नेमकं काय होतं

ऊसतोडीच्या गाडीवानाला हे चटकन कळेल. भरल्या गाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल चालता चालता बसला, तर गाडी सरळ थांबत नाही. दुसरा ओढतच असतो, जू तिरकं होतं आणि गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते. पंखांवर दोन्हीकडे इंजिनं असलेल्या विमानाचं तसंच होतं. उजवं इंजिन गेलं की डावं विमानाला उजवीकडे वळवतं. पायलट डाव्या पायानं पट्टी दाबून शेपटीचं सुकाणू डावीकडे नेतो आणि नाक सरळ ठेवतो. तो जोर थोडाथोडका नसतो. लांबच्या परतीच्या वाटेवर पाय थरथरायला लागतो, म्हणून सुकाणूचा ताण उतरवणारी छोटी पट्टी आधी नीट लावून घ्यायची असते.

जुन्या वैमानिकांची एक खूण इथं कामी येते: ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्याच बाजूचं इंजिन मेलेलं. ही खूण जन्माला यायचं कारण साधं आहे. घाईत माणूस चुकीचं इंजिन बंद करतो. प्रवासी विमानांतही हे घडलेलं आहे. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ आणि ४ फेब्रुवारी २०१५ ला तैवानमध्ये चालू इंजिन बंद केल्यानं विमान पडलं. पहिल्या अपघातात ४७ माणसं गेली, दुसऱ्यात ४३. दोन्हीकडे प्रशिक्षित वैमानिक होते आणि कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

पंख्याच्या इंजिनात आणखी एक अडचण. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याच्या जोरावर फिरत राहतो आणि ब्रेकसारखा विमानाला मागे ओढतो. म्हणून त्याची पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याच्या दिशेला करायची. याला ‘फेदर’ करणं म्हणतात. तेल संपलं असेल तर पाती वळतच नाहीत. मग वजन कमी करणं उरतं: बॉम्ब आधी, मग गोळ्या, मग जे हाताला लागेल ते.

वेगाचं गणित सगळ्यात कठीण. ठराविक वेगाच्या खाली सुकाणूला पुरेशी हवा मिळत नाही आणि पाय कितीही रेटला तरी नाक वळतंच. अशा वेळी चालू इंजिनाचा जोर कमी करणं, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं असतं. एक इंजिन गेलेलं असताना दुसऱ्याचा जोर हातानं कमी करायचा, हे मनाला पटत नाही, आणि न पटल्यामुळेच विमानं उलटून पडली आहेत. त्यात उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, इंजिनाला आणि पंखाला कमी मिळते. मे महिन्यातल्या मराठवाड्यात धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानाची ताकद जानेवारीतल्या विमानाइतकी नसते. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं खरगपूरच्या आसपासच्या तळांवर आली तेव्हा त्यांच्या इंजिनांची मागची सिलिंडरं इथल्या उष्म्यात तापून पेट घेत. ५ जूनच्या बँकॉकवरच्या पहिल्याच मोहिमेला ९८ विमानं उडाली, लक्ष्यावर बॉम्ब टाकले ७७ नी.

एक की दोन? कारगिलचा एक आठवडा

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात ठळकपणे समोर आला तो १९९९ च्या मे महिन्यात. २१ मे ला १०६ व्या स्क्वाड्रनचं एक कॅनबेरा विमान बटालिक भागावर छायाचित्रं घेत होतं. मुळात बॉम्बफेकी जातीचं, दोन इंजिनांचं, चाळीस वर्षं जुनं विमान. पायलट स्क्वाड्रन लीडर ए. पेरुमल, नॅव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर यू. के. झा. खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र उजव्या इंजिनावर आदळलं. दोघांनी डोंगरातून विमान बाहेर काढलं आणि एका इंजिनावर श्रीनगरला उतरवलं.

सहा दिवसांनी, २७ मे ला, त्याच बटालिक भागात फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांनी मिग-२७ मधून रॉकेटं डागली आणि इंजिन विझलं. पुन्हा चालू करायचा प्रयत्न फसला. त्या विमानाला दुसरं इंजिन नव्हतं. ते बाहेर पडले, पाकिस्तानी सैनिकांच्या हाती सापडले आणि आठवडाभरानं मायदेशी परतले.

दोन इंजिनांचा पुरस्कार करणाऱ्यांना ही जोडगोळी पुरेशी वाटते. त्यांचं म्हणणं सरळ आहे: युद्धात इंजिन नुसतं झिजून जात नाही, ते फोडलं जातं. एक फुटल्यावर दुसरं माणसाला आपल्या हद्दीत आणतं. शिकवून तयार केलेला वैमानिक परत येणं, हे विमान परत येण्यापेक्षा मोलाचं. समुद्रावर तर हा मुद्दा आणखी धारदार होतो. पुण्याच्या लोहगाव तळावरची सहावी स्क्वाड्रन १९६८ पर्यंत सागरी टेहळणीसाठी चार इंजिनांची लिबरेटर विमानं वापरत होती. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला नासधूस करून टाकून दिलेली ही विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त करून उडती केली होती. अरबी समुद्रावर शेकडो मैल गेल्यावर उतरायला माळरान नसतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच विचार करण्याजोगं आहे. इंजिनं दोन केली की काही ना काही बिघडण्याची शक्यताही दुप्पट होते. वजन वाढतं, इंधन जास्त लागतं, देखभालीचे तास वाढतात, आणि तेवढ्याच पैशात कमी विमानं येतात. शिवाय दोन इंजिनं शेजारी शेजारी असली तर एका क्षेपणास्त्रानं दोन्ही जाऊ शकतात. तिसरा मुद्दा समान कारणाचा. परळीकरांना तो वेगळा सांगायला नको. २०१३ च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि केंद्रातले सगळे संच थांबले. संच अनेक होते, पाणी एकच होतं. विमानातही इंधन एकच असतं, हवा एकच असते. २४ जून १९८२ ला जावा बेटावर ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं बंद पडली होती; राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली. मिग-२७ मध्ये रॉकेटांचा धूर इंजिनात शिरला असं जे कारण सांगितलं जातं, ते धरलं तर शेजारी दुसरं इंजिन असतं तरी तो धूर त्यानंही ओढला असता. म्हणजे कारगिलच्या त्या आठवड्यातून जितकं सिद्ध होतं असं वाटतं, तितकं होत नाही.

हवाई दलाच्या खरेदीत दोन्ही विचार आळीपाळीनं वर आलेले दिसतात. हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख होते. त्या काळात दूरवर आत शिरून मारा करणाऱ्या विमानासाठी जॅग्वार, मिराज एफ-१ आणि व्हिगन यांची तुलना झाली. १९७८ मध्ये निवड झाली जॅग्वारची, आणि तिघांत दोन इंजिनांचं तेच एक होतं. निवडीला इतर कारणंही होती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण जॅग्वारचा पुढचा अनुभव दोन इंजिनांच्या मताला एक पुरवणी जोडतो. त्याची इंजिनं आपल्या उन्हाळ्यात भरल्या विमानाला कमी पडतात, ही तक्रार जुनी आहे. ती बदलायची योजना अनेक वर्षं चालली आणि खर्चापायी सोडून द्यावी लागली. दुसरं इंजिन आहे, पण एकट्यानं भरलं विमान वर नेण्याइतकी ताकद त्यात नसेल, तर ते असण्याचा उपयोग अर्धाच.

नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात हा इतिहास एकाच आवारात सापडतो. तिथं एका इंजिनाची मिग-२१ आणि मिग-२७ घडली, आणि नंतर दोन इंजिनांची सुखोई-३०. मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सुखोईच्या इंजिनांच्या दोन वर्षांतल्या ३५ बिघाडांची माहिती संसदेत दिली. मुख्य दोष बेअरिंगमध्ये होता. दोन इंजिनांच्या बाजूचे लोक म्हणतात, एक इंजिन असतं तर यातली किती विमानं गेली असती याचा हिशेब करा. विरुद्ध बाजू म्हणते, एवढे बिघाड होणारं इंजिन आधी नीट करा, जोडीला दुसरं ठेवून झाकू नका. माझ्या मते या ठिकाणी दोघंही बरोबर आहेत आणि दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत.

भारतानं आधी फक्त एका इंजिनाच्या परदेशी लढाऊ विमानांचा विचार सुरू केला आणि २०१८ मध्ये ती अट काढून दोन्ही जातींना वाट मोकळी केली. तेजस एका इंजिनाचं आहे, राफेल दोन. पुढचं स्वदेशी एएमसीए दोन इंजिनांचं ठरलं आहे. जगातही असंच. अमेरिकी आरमारानं जहाजावरच्या विमानांसाठी अनेक वर्षं दोन इंजिनांना पसंती दिली आणि शेवटी एका इंजिनाचं एफ-३५ घेतलं. आधुनिक इंजिन पूर्वीपेक्षा फारच भरवशाचं झालं, हे त्यामागचं कारण. प्रवासी विमानं महासागर ओलांडताना चारावरून दोन इंजिनांवर आली तीही त्याच भरवशावर. मात्र प्रवासी विमानावर कुणी क्षेपणास्त्र डागत नाही, आणि तो भरवसा युद्धाला कितपत लागू पडतो हे अजून पुरतं पाहिलं गेलेलं नाही.

सराव किती खरा असावा

महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलात मीटिओर हे दोन इंजिनांचं जेट आलं. इंजिनबिघाडाचा सराव म्हणून शिकाऊ वैमानिकाला हवेत एक इंजिन खरोखर बंद करायला लावत. सेवाकाळात सुमारे ८९० मीटिओर गेली आणि ४५० च्या आसपास वैमानिक मेले. हे सगळे या सरावात गेले असं नाही, पण खऱ्या बिघाडापेक्षा बिघाडाचा सराव जास्त जीव घेतो, अशी वैमानिकांत बोलणी होऊ लागण्याइतके या सरावात गेले. कॅनबेराची इंजिनंही पंखावर दूर दूर बसवलेली, त्यामुळे एका इंजिनावर ते उतरवणं हा वैमानिकांच्या शिक्षणातला कसोटीचा भाग होता. ठराविक उंचीच्या खाली आल्यावर ‘पुन्हा वर जाऊ, परत येऊ’ हा पर्याय उरत नसे. तिथून पुढे उतरायचंच.

एका मतानुसार खरं इंजिन बंद केल्याशिवाय पायाला तो जोर, अंगाला तो हिसका आणि मनाला ती भीती कळत नाही. दुसऱ्या मतानुसार जोर कमी करून ठेवणं पुरेसं आहे, कारण गरज पडली तर इंजिन हाताशी असतं. सिम्युलेटर आल्यावर हा वाद बराच निवळला. धावपट्टीवरून उठल्याच्या दुसऱ्या क्षणी इंजिन घालवणं आता जमिनीवर बसून शंभर वेळा करता येतं. तरी जुने वैमानिक एक शंका काढतात आणि ती टाळता येत नाही: सिम्युलेटरमध्ये माणसाला आत कुठेतरी माहीत असतं की आपण मरणार नाही.

‘मेलेल्या इंजिनाच्या बाजूला वळू नका’ हा जुना नियमही याच चर्चेत मोडतो. आजचे शिक्षक सांगतात की वेग पुरेसा असेल तर कोणत्याही बाजूला वळता येतं, आणि नियमाला चिकटून लांबचा फेरा घेण्यात उंची जाते. पण घाबरलेल्या माणसाला ‘वेग पुरेसा असेल तर’ हे पोटवाक्य आठवेल का, हा प्रश्न जुन्या नियमाच्या बाजूनं उरतोच.

परत फिरायचं की पुढे जायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथं यंत्र संपतं आणि माणूस सुरू होतो.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख विमानचालक होते. त्यांतले ५५,५७३ मेले. साधारण ३० मोहिमा झाल्या की विश्रांती मिळायची. लक्ष्यापर्यंत न जाता परतलेल्या विमानाला ‘बूमरँग’ म्हणत, आणि ती मोहीम सहसा हिशेबात धरली जात नसे. इंजिन खरंच बिघडलं होतं का, हे दुसऱ्या दिवशी फिटर तपासायचे. ते जमिनीवर नीट चाललं तर वैमानिकाकडे बघणाऱ्यांच्या नजरा बदलायच्या. धैर्य कमी पडल्याचा शिक्का बसला की पद जायचं आणि अब्रूही. प्रत्यक्ष शिक्के कमीच लोकांवर बसले, पण त्याची धास्ती सगळ्यांना होती. त्या धास्तीपायी एक इंजिन गेलेलं असताना किती विमानं पुढे गेली असतील, याची मोजदाद करता येत नाही.

अमेरिकी तुकड्या दिवसा दाट रांगेत उडत. तिथं इंजिन गेलेलं विमान मागे पडे आणि एकट्या विमानावर शत्रूची लढाऊ विमानं तुटून पडत. रांगेनं वेग कमी करून त्याला सोबत घ्यावं का? नियम स्पष्ट होता: नाही. एकासाठी सगळ्यांना धोक्यात घालायचं नाही. रांगेतल्या ज्यांनी आपल्या शेजारचं विमान मागे पडताना पाहिलं, त्यांना तो नियम पटत होता आणि आयुष्यभर बोचतही राहिला. जखमी झालेली शंभराहून जास्त अमेरिकी विमानं तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये उतरली, तेव्हा ही माणसं लढाई टाळतात की काय असा संशय वरिष्ठांना आला. चौकशीत त्या संशयाला आधार मिळाला नाही. विमानं खरोखरच मोडलेली होती.

शिस्तीचा पक्ष म्हणतो की परतीचा निर्णय प्रत्येकावर सोडला तर लक्ष्यावर पोचणार किती? विवेकाचा पक्ष म्हणतो की विमानात बसलेल्यालाच इंजिनाचा आवाज ऐकू येतो, तळावरच्या अधिकाऱ्याला नाही. आज बहुतेक हवाई दलांत निर्णय विमानाच्या कप्तानाचा, आणि बॉम्ब टाकण्याआधी परतायचे निकष उड्डाणाआधीच ठरलेले, अशी मधली वाट आहे. ती मला योग्य वाटते. निकष शांत डोक्यानं जमिनीवर ठरलेले असले, की परतणाऱ्याला स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र मधली वाट निघाली नाही. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या ३५ व्या स्क्वाड्रनच्या कॅनबेरांनी गोव्यातल्या दाभोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. भारताच्या बॉम्बफेकी कॅनबेरांच्या ताफ्याचा कणा म्हणजे बी(आय)५८ ही आवृत्ती. तिच्यात पायलटला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्यानं पॅराशूट घेऊन बाजूच्या दारापर्यंत जायचं आणि उडी मारायची. कमी उंचीवर इंजिन गेलं तर पायलटनं काय करायचं? सीट ओढायची, की सोबत्यासाठी विमान धरून ठेवायचं? ब्रिटनच्या व्ही-बॉम्बरांतही मागच्या माणसांना अशा सीट नव्हत्या, आणि त्यावर तिथं अनेक वर्षं वाद झाला. आता सगळ्यांना सीट मिळतात, म्हणून प्रश्न व्यवहारात मिटला. ज्यांनी त्या विमानांत उड्डाणं केली, त्यांच्यापुरता तो मिटला असेल असं वाटत नाही.

जे अजून बाकी आहे

या सगळ्या चर्चेच्या पुराव्यातच एक खोट आहे आणि ती दाखवून दिली अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञानं. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरची छिद्रं मोजून, जिथं छिद्रं जास्त तिथं पत्रा जाड करावा असा विचार चालला होता. वाल्डनं उलट सांगितलं. परतलेल्या विमानांच्या इंजिनांवर छिद्रं कमी दिसतात, कारण इंजिनावर मार लागलेली विमानं परतलीच नाहीत. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले हेच वाल्ड १३ डिसेंबर १९५० ला निलगिरीत विमान कोसळून गेले.

तो मुद्दा इथंही लागू पडतो. एका इंजिनावर परतलेल्यांच्या कथा आपण ऐकतो, तशाच स्थितीत न परतलेल्यांच्या नाही. त्यामुळे कोणती पद्धत जास्त माणसं वाचवते, यावर छातीठोक बोलणाऱ्या कुठल्याही बाजूकडे पुरी आकडेवारी नाही. युद्धात गेलेलं विमान आधी इंजिनानं गेलं की आधी गोळीनं, हे पुष्कळदा नोंदवलंच गेलेलं नाही.

दुसरी उणीव आपल्याला भरून काढता येण्याजोगी आहे. छापून आलं ते बहुतेक वैमानिकांच्या बाजूनं. रात्रभर जागून इंजिन उघडणारा फिटर, बेअरिंगचा आवाज कानानं ओळखणारा तंत्रज्ञ, परतलेल्या विमानाचं झाकण पहिल्यांदा काढणारा माणूस या चर्चेत जवळजवळ नाहीच. इंजिन का बंद पडलं हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

मराठवाड्यातली बरीच माणसं हवाई दलाच्या तांत्रिक शाखांत नोकरी करून निवृत्त झाली आहेत. बीड, परभणी, लातूरकडच्या ज्या घरात अशा माणसाची वही, पत्रं किंवा कामाच्या नोंदी असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. सेवेतली गोपनीय कागदं सोडून जे घरचं आहे ते जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावं, आणि माणूस हयात असेल तर त्याच्याशेजारी बसून लिहून घ्यावं. तारीख, विमानाची जात आणि इंजिनात काय सापडलं, एवढ्या तीन गोष्टी असल्या तरी पुरे.